दोन डोंगर, एक नारळ आणि न पाहिलेला समुद्र

तुमची चौथीतली चित्रकलेची वही आठवून बघा. दोन डोंगर. मधून उगवणारा सूर्य. डोंगरातून निघून थेट पानाच्या खालच्या कडेपर्यंत येणारी निळीशार नदी. काठावर झोपडी आणि झोपडीला खेटून एक नारळाचं झाड. आकाशात आडव्या तीनच्या आकड्यासारखे चार पक्षी. आठवलं? तुमच्या शेजारी बसणाऱ्याच्या वहीतही हेच होतं, आणि त्याच्या मागे बसणाऱ्याच्याही.

आता खरं सांगा. आपल्या ताडकळसला डोंगर कुठंय? नारळाची रांग कुठंय? इथं काळी रानं आहेत, कापूस-सोयाबीन-तूर आहे, बांधावर बाभूळ, वेशीत लिंब आणि चिंच आहे. तरी आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं काढलं ते कोकण. तेही न बघता. आपल्यातल्या कितीतरी जणांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि काहींनी अजून फक्त रीलमध्येच पाहिलाय.

यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पण एक प्रश्न मात्र पडतो. समुद्र, खाडी आणि तिथले पक्षीप्राणी नीट बघून काढायचे असतील तर ताडकळसच्या पोरानं काय करायचं? आणि तोपर्यंत आपल्या स्वतःच्या पाण्याचं चित्र कोण काढणार?

आपला ओढा शेवटी समुद्रालाच जातो

आधी भूगोल. पावसाळ्यात आपल्या शिवारातून वाहणारं पाणी ओढ्या-नाल्यांतून गोदावरीत जातं. पूर्णा नदीही आपल्याच पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळते. ही गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर आहे. पण बाईसाहेब तिकडं पाठ फिरवतात आणि पूर्वेकडं १४६५ किलोमीटर चालत जाऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतात.

जिथं मिळतात तिथं काकीनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्य आहे. भारतातल्या मोठ्या खारफुटी जंगलांपैकी हे एक. खारफुटी म्हणजे खाऱ्या चिखलात उभी राहणारी झाडं. त्या जंगलात पाणमांजरं आहेत, मासे पकडून खाणारं रानमांजर आहे, आणि जवळच्या होप बेटाच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हे सगळं ज्या गाळावर उभं आहे, तो गाळ गोदावरीनं वाटेतल्या सगळ्या मुलखातून आणलेला. त्यात आपल्याकडची काळी मातीही आली.

म्हणजे बघा, ताडकळसच्या शिवारातली माती वाहून जाऊन कुठल्यातरी खेकड्याचं घर होते. आता वाटेत धरणं आणि बंधारे झाले, बराच गाळ त्यांच्यामागेच अडतो, आणि खालच्या त्रिभुज प्रदेशाला त्याची टंचाई जाणवते. तरीही नातं तुटलेलं नाही. ‘आमच्याकडं समुद्र नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. नदीचं शेवटचं टोक दूर आहे, पण नदी तीच आहे.

धोंडांचा समुद्र, आबालालचा तलाव

मराठी मुलखात समुद्र रंगवणाऱ्यांमध्ये एक नाव तुम्हाला माहीत असायलाच हवं. प्रल्हाद अनंत धोंड. मुंबईच्या सर ज. जी. कलामहाविद्यालयात, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘जेजे’ म्हणतो तिथं, त्यांनी शिकवलं आणि पुढे संस्थेचं प्रमुखपदही सांभाळलं. त्यांची ओळख मात्र जलरंगातल्या सागरचित्रांची. कागद ओला करायचा, ओल्यावरच रंग सोडायचा आणि रंग वाळायच्या आत निर्णय घ्यायचा, अशा पद्धतीचं ते काम. लाट थांबत नाही, मग ब्रशनं थांबून कसं चालेल?

धोंडांच्या आठवणींचं पुस्तक आहे, ‘रापण’. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. एकट्यादुकट्याचं ते काम नाही. दोन्ही टोकांना माणसांची रांग लागते आणि जाळं हळूहळू काठाला येतं. चित्रकारानं आपल्या आठवणींच्या पुस्तकाला मासेमारीचा शब्द द्यावा, यातच त्याची नाळ कुठं जुळलेली होती ते कळतं.

आता दुसरं नाव, आणि हे आपल्यासाठी जास्त कामाचं. आबालाल रहिमान. कोल्हापूरचे. जेजेत शिकले, नाव कमावलं आणि परत गावी आले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली ते गेले. त्यांनी काय रंगवलं? रंकाळा, पंचगंगेचा काठ, कोटितीर्थ. म्हणजे घरापासून चालत जाता येईल असं पाणी. तेच पाणी सकाळी, संध्याकाळी, वेगवेगळ्या उजेडात. मुंबईत राहून समुद्र काढता आला असता. त्यांनी गावातला तलाव काढला, आणि आज कोल्हापूरच्या कलेचा इतिहास त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

दोघांकडून एकच गोष्ट घ्यायची. पाणी काढायचं असेल तर पाण्यापाशी जाऊन बसावं लागतं. फोटोवरून लाटेचा आकार मिळतो, पण वारा, वास आणि घाई मिळत नाही.

खाडी काढायची म्हणजे नेमकं काय काढायचं?

समजा तुम्ही मुंबईला गेलात. परभणीहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी सीएसएमटी. हार्बर लाइननं शिवडी काही स्टेशनांवर आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शिवडी आणि ठाणे खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून बोटीनंही जाता येतं.

आता कागद काढला. पहिली अडचण: समोर निळं काहीच नाही! खाडी निळी नसते. ओहोटीला ती राखाडी, तपकिरी, मध्येच चंदेरी असते. नवशिका इथं घाबरतो आणि पॅलेटमधला निळा उचलतोच. तसं करू नका. ओल्या चिखलात आकाश दिसतं. त्यामुळे चिखल रंगवायचा म्हणजे आधी आकाशाचाच फिका रंग खाली आणायचा आणि मग त्यावर मातीचा रंग चढवायचा. पाण्यातलं प्रतिबिंब काढताना एक साधा नियम लक्षात ठेवा. उजळ वस्तूचं प्रतिबिंब थोडं गडद, आणि गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं उजळ.

दुसरी अडचण: देखावा हलतो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत चिखलाची कड सरकलेली असते. म्हणून आधी वेळ बघायची. कोकणात एक जुना हिशेब आहे, आणि तो घरातल्या कॅलेंडरवरून ताडकळसमध्ये बसूनही करता येतो. तिथीला पाऊणनं गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. म्हणजे साधारण तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर सहाएक तासांनी पूर्ण ओहोटी. अंदाजच आहे, पण चित्रकाराला पुरतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. पक्षी बघायला ओहोटी सुरू होताना जा. चिखल उघडा पडला की त्यांचं जेवण सुरू होतं.

तिसरी अडचण: झाडं. दुरून कांदळवन म्हणजे नुसता एक निळसर हिरवा पट्टा दिसतो. दुरून तसाच काढा, पानं मोजत बसू नका. पण जवळचं झाड असेल तर त्याचा स्वभाव बघा. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, कारण चिखलात हवा नसते आणि मुळांना श्वास घ्यायचा असतो. तिवराच्या पानाची मागची बाजू चंदेरी दिसते, वारा आला की अख्खं झाड रंग बदलतं. काही जातींना मात्र छत्रीच्या काड्यांसारखी कमानदार आधारमुळं असतात. ‘खारफुटी’ असं एकच झाड नसतं, हे हात चालवल्यावरच कळतं. पांढरी चिपी ही तर २०२० पासून महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष आहे.

आणि खाली बघायला विसरू नका. चिखलात निवटी असते, मासा असून पाण्याबाहेर उड्या मारणारी, डोळे डोक्यावर बसवलेली. शेजारी इवलासा खेकडा, ज्याच्या नराचा एक पंजा अंगाच्या मानानं भलताच मोठा. फ्लेमिंगोच्या मागे सगळे कॅमेरे धावतात, या दोघांकडं कुणी बघत नाही. स्केचबुकवाल्यासाठी ते सोन्यासारखे मॉडेल आहेत, कारण तुम्ही शांत बसलात तर पाच मिनिटांत परत बिळाबाहेर येतात.

पक्ष्याचा गुडघा उलटा नसतो

पक्षी काढताना होणारी सगळ्यात जुनी चूक म्हणजे पाय. लांब पायाच्या पक्ष्याचा जो सांधा आपल्याला मागे वाकलेला दिसतो, तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला असतो. हे एकदा कळलं की बगळा, शेकाट्या, फ्लेमिंगो सगळे कागदावर नीट उभे राहतात.

फ्लेमिंगोची चोच मधूनच खाली वाकलेली असते, कारण तो डोकं उलटं करून खातो. चिखलपाण्यातून शेवाळ आणि बारीक जीव गाळून घेतो. त्यांच्यातल्या रंगद्रव्यामुळेच तो गुलाबी होतो. म्हणून पिल्लं गुलाबी नसतात, राखाडी-पांढरट असतात. थव्यात सगळ्यांना एकच गुलाबी दिलात तर चित्र प्लास्टिकचं दिसेल. काही राखाडी, काही जवळपास पांढरे, आणि पंख उघडले तर आत लाल-काळं.

पांढऱ्या पक्ष्यासाठी जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, कागद सोडायचा. बगळ्याभोवतीचं पाणी रंगवा, बगळा आपोआप उरतो. ही युक्ती सोपी वाटते, पण ती करायला आधी ठरवावं लागतं की पक्षी नेमका कुठं उभा आहे. पक्षी उडून गेला तर? जाऊ द्या. त्याच जागी दुसरा येईल. त्याच पानावर दहा अर्धवट स्केच असू द्यात. त्या दहा अर्धवट रेषांतून एक पूर्ण पक्षी तयार होतो.

पण रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी

आता आपल्या पाण्याकडं या. वर सांगितलेलं जवळपास सगळं गोदावरीच्या काठावर लागू पडतं, फक्त भरती-ओहोटी सोडून. तिच्या जागी आपल्याकडं पूर आणि उन्हाळा आहे. ऑगस्टमध्ये काठोकाठ तांबूस-काळं पाणी, आणि एप्रिलमध्ये डोह, खडक आणि वाळूचे पट्टे. एकाच जागेवर बसून वर्षातली दोन चित्रं काढा. बघणाऱ्याला ती एकाच नदीची आहेत यावर विश्वास बसणार नाही.

पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रातच जांभूळबेट आहे. नदीच्या मधोमध झाडीचा तुकडा, आणि मोरांसाठी प्रसिद्ध. जिंतूरकडं येलदरी धरण आहे. थोडं लांब, पैठणला नाथसागर आहे, तिथलं जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ पासूनचं. हिवाळ्यात तिथं फ्लेमिंगोही येतात आणि पट्टकादंबही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो. ज्या पक्ष्यासाठी मुंबईचं तिकीट काढायचं म्हणत होतो, तो मराठवाड्यातच येतोय की राव!

आणि अभयारण्य नसलेल्या साध्या काठावर? खंड्या, पाणकावळा, टिटवी, वंचक, शेपटी हलवत फिरणारा धोबी. यातल्या एका पक्ष्याबद्दल मुद्दाम लिहितोय. नदीसुरय. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, लाल पाय आणि दुभंगलेली लांब शेपटी. पाण्यावरून उडताना असा काही वळतो की ब्रशचा एकच फटकारा वाटावा. हा पक्षी झाडावर घरटं करत नाही. उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर नुसत्या खळगीत अंडी घालतो.

वाळूच्या पट्ट्यावर. हे वाचून तुमच्या डोक्यात काय आलं ते मला माहीत आहे, कारण आपण सगळेच ते बघत मोठे झालोय. पहाटे रस्त्यावरून जाणारे ट्रॅक्टर आणि हायवा. वाळू उपशावर बातम्या येतात, कारवाया होतात, पुन्हा सुरू होतं. त्यावर भांडणं होतात ती महसुलाची, रस्त्याची, विहिरींच्या पाण्याची. नदीसुरयाची बाजू मांडायला कुणी नसतं. वाळूचा पट्टा गेला की त्याच्यासाठी घर बांधायची जागाच गेली. जगातल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत त्याचं नाव आता आलेलं आहे.

मुंबईतही काही वेगळं नाही. शिवडीच्या चिखलातून दिसणारं क्षितिज २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाल्यावर कायमचं बदललं. २१.८ किलोमीटरचा तो पूल बरोबर की चूक, हा वेगळा वाद. पण त्याआधी तिथं बसून ज्यानं निसर्गचित्र काढलं असेल, त्याच्याकडं आज एक असा देखावा आहे जो परत बघायला मिळणार नाही.

चित्र हा पुरावा असतो

‘फोटो असताना चित्र कशाला?’ हा प्रश्न तुम्हाला घरचे, मित्र, कदाचित सरही विचारतील. उत्तर देताना उस्ताद मन्सूरचं नाव घ्या.

मन्सूर हा जहांगीर बादशहाच्या दरबारातला चित्रकार. पशुपक्षी काढण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं. त्याचं सायबेरियन क्रौंचाचं एक चित्र आहे. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते १७७३ मध्ये. मन्सूरनं तो त्याच्याही दीडशे वर्षं आधी, इथं बसून, पायांच्या कातडीपर्यंत बारकाईनं रंगवून ठेवला होता. आज हा क्रौंच भारतात येत नाही. भरतपूरला तो शेवटचा दिसला २००२ च्या हिवाळ्यात. जगातून नाहीशा झालेल्या डोडो पक्ष्याचं एक रंगीत चित्रही मन्सूरचंच मानलं जातं, आणि डोडो कसा दिसायचा हे ठरवताना अभ्यासक आजही त्या चित्राकडं बघतात.

मन्सूरला काही ‘संवर्धन’ वगैरे शब्द माहीत नव्हते. त्यानं समोरचा पक्षी प्रामाणिकपणे काढला, एवढंच. चारशे वर्षांनी तो प्रामाणिकपणाच उपयोगी आला.

फोटोचं म्हणाल तर जरूर काढा. पण मोबाइलमध्ये एका सेकंदात पन्नास फोटो येतात आणि आपण एकही बघत नाही. स्केच करायला वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत तुम्हाला कळतं की वंचक उडाल्याशिवाय त्याचे पांढरे पंख दिसतच नाहीत.

सुरुवात कशी करायची

सामान महाग लागत नाही. दहावीच्या आधी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर जुनी रंगपेटी घरात कुठंतरी असेलच. कॅम्लिन ही कंपनी दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केली, आणि तिचे रंग तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातही मिळतात. बाराच्या बारा रंग नेऊ नका. एक निळा, एक पिवळी माती, एक भाजकी तांबडी माती, एक लाल, एवढे बास. निळा आणि भाजकी माती मिसळली की हजार प्रकारचे राखाडी मिळतात, आणि आपल्या नदीला तेच लागतात. एक गोल ब्रश, एक सपाट ब्रश, पाण्याची बाटली, जुनं फडकं, पाठीमागे धरायला पुठ्ठा. कागद मात्र जरा जाड घ्या, पातळ कागद ओला झाला की फुगतो.

काठावर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच काढू नका, नुसतं बसा. मग पेन्सिलनं आगपेटीएवढ्या चौकटीत तीनच छटांत देखावा मांडा: उजळ, मधली, गडद. क्षितिजरेषा सरळ ठेवा, ती तिरकी झाली तर नदी सांडते. त्यानंतरच रंग. पक्ष्यांच्या घरट्यांजवळ जाऊ नका, वाळूवर चालताना पायाखाली बघा. पुरात आणि एकट्यानं नदीपात्रात उतरू नका, घरी सांगून जा.

ज्यांना याचंच पुढं शिक्षण घ्यायचंय त्यांच्यासाठी: राज्यात तीन ठिकाणी शासकीय कलामहाविद्यालयं आहेत. मुंबई, नागपूर आणि आपल्याला सगळ्यात जवळचं छत्रपती संभाजीनगर. बारावीनंतर बीएफएसाठी राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. तिथं स्मरणचित्राला किंमत असते, आणि काठावर बसलेल्या मुलाच्या स्मरणात डोंगरातला सूर्य नसतो, दुसरं काहीतरी असतं. ज्यांना करिअर वगैरे काही करायचं नाही, त्यांनी तर बिनधास्त काढावं. त्यांच्या चित्राला मार्क पडणार नाहीत.

आणि एक काम न विसरता करा. चित्र झालं की कोपऱ्यात सही करताना गावाचं नाव, नदीचं नाव, तारीख आणि वेळ लिहा. पक्षी ओळखू आला तर त्याचं नाव, नाही आला तर ‘पिवळी चोच, काळी टोपी’ एवढं. वाळूचा पट्टा कुठून कुठपर्यंत होता तेही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी परत जा आणि शेजारच्या पानावर तेच चित्र पुन्हा काढा.